यादीत नसलेलं गाणं

२००१ साली मी फोर्टातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. सहाला सुटलो की हुतात्मा चौकातून चर्चगेटपर्यंत चालत जायचं, हा नेम. वाटेत जुन्या पुस्तकांचे ढीग, आणि पुस्तकांना लागूनच एमपीथ्री सीडीवाले. लता, रफी, भीमसेन, ‘इंग्लिश हिट्स’, सगळं एका भावात. एकेका सीडीत शंभर-दीडशे गाणी कोंबलेली. तशीच एक सीडी घेतली, वर मार्करनं नुसतं ‘रॅप’ लिहिलेलं. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द चिवडणाऱ्या माणसाला, ज्या गाण्यात इतके शब्द मावतात त्याचं कुतूहल वाटलं, एवढंच निमित्त. घरी येऊन बघतो तर निम्म्या फाइलींची नावं चुकलेली आणि उरलेल्यांचं शुद्धलेखन.

त्यातल्या एका फाइलीत एक माणूस स्वतःशी बोलावं तसं काही सांगत होता. दोनदा ऐकलं, पत्ता लागला नाही. तिसऱ्यांदा उमगलं, की बोलणारा अजून जन्मलेलाच नाही. आईच्या पोटातून तो बाहेरच्या जगाचा अदमास घेतोय. आईबाप भांडतायत, ते त्याला ऐकू येतंय. बाहेर यायची ओढ आहे आणि धास्तीही. अभिमन्यूची गोष्ट आपल्याला पाठ असते. त्यानं पोटात असताना चक्रव्यूहात शिरायची युक्ती ऐकली, या पोरानं घरातलं भांडण ऐकलं.

गाणारा नाझ, एवढं फाइलीवरून कळलं. फुटपाथवरचा सीडीवाला त्याला ‘नास’ म्हणायचा, आणि मराठीत नासणं म्हणजे काय ते सांगायला नको. अल्बम कुठला, ते मात्र कळेना. सायबर कॅफेत बसून त्याच्या सगळ्या अल्बमांच्या याद्या पाहिल्या. कुठेच हे गाणं नाही. फोर्टातल्या फुटपाथवर ते मिळत होतं, पण ज्या कंपनीसाठी तो गायला तिच्या लेखी ते गाणंच नव्हतं.

वर्षभरानं, सप्टेंबर २००२ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये एक सीडी आली. ‘द लॉस्ट टेप्स’. आधीच्या अल्बमांमधून बाहेर ठेवलेली, बहुतेक अधिकृतपणे न आलेली नाझची गाणी. पाठीवरच्या यादीत अकरा नावं. अकरावं गाणं संपतं आणि यादीत नसलेलं एक बारावं सुरू होतं. तेच ते, पोटातल्या बाळाचं. त्याचं नाव ‘फीटस’, म्हणजे गर्भ.

अंकात लेख घेताना-वगळताना काय होतं, ते छापखान्यातल्या माणसाला बाहेरच्यांपेक्षा थोडं जास्त दिसतं. दिवाळी अंक सोळा पानांच्या फर्म्यांत बांधला जातो. मजकूर फर्म्याच्या बाहेर चार पानं गेला, की काहीतरी उडतं. उडतं ते सर्वांत वाईट असतं असं नाही. बऱ्याचदा जे कशाशेजारीच नीट बसत नाही ते उडतं. ज्याच्यासाठी जाहिरातदार थांबलेला नाही, ज्याचं नाव मुखपृष्ठावर गेलेलं नाही, ते. ‘जागेअभावी’ हा शब्द संपादकांनी शोधून काढला, तेव्हा त्यांनी स्वतःवर केवढे उपकार केले! ‘द लॉस्ट टेप्स’ ऐकताना मला पहिल्यांदा आठवले ते छापखान्याच्या माळ्यावर सुतळीनं बांधलेले असलेच गठ्ठे. पण नाझची गाणी जागेअभावी गेली नव्हती. त्यांची गोष्ट वेगळी आहे.

नाझचं पूर्ण नाव नासिर बिन ओलू दारा जोन्स. जन्म १९७३, ब्रुकलिन. वाढला क्वीन्सब्रिजमध्ये. ईस्ट नदीवरच्या क्वीन्सबरो पुलाच्या पायथ्याशी असलेली ही सरकारी वसाहत १९३९ साली उभी राहिली. सहा-सहा मजल्यांच्या ९६ विटकरी इमारती, तीन हजारांहून जास्त घरं. सार्वजनिक घरांची एवढी मोठी वसाहत अख्ख्या उत्तर अमेरिकेत दुसरी नाही. इथूनच मार्ली मार्ल, एमसी शॅन, पुढे मॉब डीप आले. पोरं बाकांवर बसून एकमेकांना बार ऐकवायची. बार म्हणजे रॅपची ओळ, ठेक्याच्या एका मापात बसवलेली. नाझनं शाळा आठवीनंतर सोडली. वरच्या मजल्यावर राहणारा जिवलग मित्र विली ग्रॅहम, ज्याला सगळे इल विल म्हणत, तो १९९२ मध्ये तिथेच गोळी लागून मेला. पुढे नाझनं स्वतःच्या लेबलला त्याचंच नाव दिलं. ‘द लॉस्ट टेप्स’च्या पाठीवर कोलंबिया कंपनीच्या नावासोबत ‘इल विल रेकॉर्ड्स’ आहे ते हेच.

एप्रिल १९९४ मध्ये, विशीतल्या या पोराचा ‘इलमॅटिक’ आला. एक प्रस्तावना आणि नऊ गाणी, सगळं मिळून चाळीस मिनिटांच्या आत. रॅपच्या जाणकारांत या अल्बमचं स्थान काय, ते एका गोष्टीवरून कळेल. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं राष्ट्रीय जतनासाठी निवडलेल्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत २०२१ साली तो घेतला. पण १९९४ साली तो दुकानांत पोचायच्या आधीच रस्त्यावर पोचला होता. अल्बमचा कार्यकारी निर्माता एमसी सर्च यानं पुढे सांगितलं, की चोरून छापलेल्या साठ हजार प्रतींनी भरलेलं एक गॅरेजच सापडलं होतं. पहिल्या आठवड्यात अधिकृत खप झाला तोही साठ हजारांच्या आतबाहेर. एक प्रत कंपनीची, एक गॅरेजची.

म्हणजे गाणी चोरीला जाणं त्याला नवं नव्हतं. १९९८-९९ मध्ये मात्र जे झालं त्यानं अल्बमचा आराखडाच मोडला.

तेव्हा तो दोन सीडींचा मोठा अल्बम करत होता. रूपरेषा आत्मचरित्राची. सुरुवात आईच्या पोटात, शेवट स्वतःच्या मृत्यूनं. रॅपमध्ये असं फारसं होत नाही. आत्मप्रौढी भरपूर असते, आत्मचरित्र क्वचित. ‘फीटस’ हा त्याचा पहिला अध्याय. बापावरचं गाणं, एकट्यानं दारू पिण्यावरचं गाणं, ही पुढची पानं. आणि मग गाणी फुटली.

‘लीक’ला आपल्याकडे ‘फुटणं’ हा शब्द आधीपासून आहे. पेपर फुटतो, तशी गाणी फुटली. तेव्हा इंटरनेटवरून गाणी वाटून घेण्याचं नॅपस्टर अजून सुरू व्हायचं होतं, ते आलं जून १९९९ मध्ये. पण सीडी भाजायची यंत्रं घराघरांत आली होती, एमपीथ्रीमुळे गाणं फोनच्या तारेतून जाण्याइतकं हलकं झालं होतं, आणि न्यूयॉर्कच्या फुटपाथवर चोरीच्या सीडी विकणाऱ्यांचं जाळं तर जुनंच. स्टुडिओतून मिक्सिंगला, तिथून मास्टरिंगला, समीक्षकांना, रेडिओला, मिक्सटेपवाल्या डीजेंना अशा प्रती फिरत असतात. त्यातली कुठलीही एक पुरते.

पेपर फुटला की बोर्ड काय करतं? नवा पेपर काढतं, आणि घाईत काढतं. नाझच्या बाबतीत हुबेहूब तेच झालं. फुटलेली गाणी काढून टाकली. दोन सीडींच्या जागी एकच, ‘आय अ‍ॅम...’, एप्रिल १९९९ मध्ये आली. पहिल्याच आठवड्यात पावणेपाच लाखांच्या आसपास खपली आणि खपाच्या यादीत पहिली लागली. तिच्यात डीजे प्रीमियरचे उत्तम तुकडे आहेत, आणि पफ डॅडीला घेऊन केलेला भपकाही आहे. पोटातलं बाळ गेलं, मरणाचा अध्याय गेला, आत्मचरित्राचं नाव गेलं. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा नवी गाणी लिहून त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘नास्त्रादेमस’ आणला. तो ऐकून बघा. हुशार पोरानं रात्रीत लिहिलेली उत्तरपत्रिका कशी असते, तशी ती आहे. अक्षर चांगलं, उत्तरं भरीव नाहीत.

याची किंमत त्याला चुकवावी लागली. ११ सप्टेंबर २००१ ला, त्या भयंकर दिवशीच, प्रतिस्पर्धी रॅपर जे-झीचा ‘द ब्लूप्रिंट’ दुकानांत आला. त्यातल्या ‘टेकओव्हर’मध्ये त्यानं नाझचा जाहीर हिशेब मांडला, की दहा वर्षांत धड अल्बम एकच. हिशेब कडक होता आणि पूर्ण खोटाही नव्हता. नाझनं त्याच डिसेंबरात ‘स्टिलमॅटिक’ काढून ‘ईथर’ या गाण्यात असं उत्तर दिलं, की त्या गाण्याच्या नावाचं पुढे क्रियापद झालं. रॅपमध्ये कुणाची यथेच्छ धुलाई झाली की तो ‘ईथर झाला’ म्हणतात. पण माझ्या मते जे-झीला खरं उत्तर दिलं ते नऊ महिन्यांनी आलेल्या, त्याला शिव्या न देणाऱ्या, वगळलेल्या गाण्यांच्या सीडीनं. दहा वर्षांत धड अल्बम एकच, कारण दुसरा फुटला होता. त्याचे तुकडे हे बघा.

‘द लॉस्ट टेप्स’ २००२ मध्ये आला तो अगदीच गाजावाजा न करता. रेडिओसाठी वेगळं काढलेलं गाणं नाही, व्हिडिओ नाही, पाहुण्या रॅपरला जागा नाही. त्या काळात प्रत्येक रॅप अल्बम म्हणजे लग्नातली पंगत. याला बोलाव, त्याला बोलाव. इथे बोलणारा एकटाच. तरी पहिल्या आठवड्यात सत्तर हजारांवर प्रती गेल्या आणि बिलबोर्डच्या यादीत तो दहावा आला. मुदपाकखान्यात मागे उरलेलं वाढलं आणि लोकांनी ताटं पुढे केली.

सगळी गाणी एका काळातली नाहीत. ‘ड्रंक बाय मायसेल्फ’, ‘ब्लेझ अ फिफ्टी’, ‘पॉपा वॉज अ प्लेया’ आणि ‘फीटस’ ही त्या मोडलेल्या आत्मचरित्राच्या वेळची. ‘पर्पल’, ‘ब्लॅक झॉम्बी’, ‘नो आयडियाज ओरिजिनल’ ही ‘स्टिलमॅटिक’च्या सुमाराची. तरी सलग ऐकताना सांधा जाणवत नाही. असं का व्हावं? मला वाटतं, वगळलेल्या गाण्यांत एक साम्य आपोआप येतं. कुणालाही खूश करण्याची जबाबदारी त्यांच्यावर उरलेली नसते. नाझच्या अधिकृत अल्बमांत चार मालक दिसतात. क्लबसाठी एक गाणं, रेडिओसाठी एक, बायकांसाठी एक, जुन्या गल्लीतल्यांसाठी एक. या सीडीत तो हिशेबच नाही.

‘डू रॅग्ज’नं सुरुवात होते. डोक्याला घट्ट बांधायचा तो फडका, केसांना लाटा याव्यात म्हणून काळी पोरं बांधतात तो. खाली पियानो, आणि वर एका पिढीची आठवण. तो फडका पुढे फॅशन झाला. या गाण्यात तो अजून घरातली वस्तू आहे, उशीजवळची. मला हे गाणं फार आवडतं, आणि त्याचं कारण सांगायचं तर यात कुणाला काही पटवायचं नाही.

‘नो आयडियाज ओरिजिनल’मध्ये गंमत आहे. कुठलीच कल्पना अस्सल नसते, आधी कुणीतरी बोलून गेलेलं असतं, असा त्याचा सूर. आणि खालचा ठेका अल्केमिस्ट या निर्मात्यानं बॅरी व्हाइटच्या १९७३ च्या गाण्यातून उचललेला. बोलल्याप्रमाणे वागणं ते हेच. संतांच्या अभंगांत एकच ओळ तीन संतांच्या नावावर सापडते, तेव्हा आपले पंडित पाठभेदांवर ग्रंथ लिहितात. रॅपवाले त्याला सॅम्पल म्हणतात आणि पैसे भरतात.

पण जवळून पाहावं असं गाणं ‘ब्लेझ अ फिफ्टी’. ही सरळ एक कथा आहे. एक बाई, तिचा पैसेवाला नवरा, खुनाचा बेत, पळून जाणं. गुन्हेकथांच्या मासिकात शोभावी अशी. नाझ ती झपाट्यानं सांगत शेवटाकडे येतो आणि थांबतो. शेवट त्याला पटत नाही. मग तो टेप मागे फिरवतो, आणि कथेला दुसरा शेवट देतो. आपण ऐकत असतानाच. मुद्रितात लेखकानं शेवटचा परिच्छेद उभा छेदून समासात नवा लिहिलेला असतो, अगदी तसं. छापताना आम्ही जुना काढून नवा घालायचो, वाचकाला छेद दिसत नसे. इथे छेद तसाच ठेवलाय. पूर्ण झालेल्या, घोटून गुळगुळीत केलेल्या अल्बमात हे राहिलं असतं का? कुणी सांगावं. पण वगळलेल्यांच्या सीडीत ते घरच्यासारखं बसतं, कारण ही सीडीच समासातल्या मजकुराची आहे.

‘ड्रंक बाय मायसेल्फ’ रात्री ऐकू नये. एकटा माणूस, बाटली, गाडीचं चाक हातात, आणि जगावं की नाही याचा विचार. फुशारकी शून्य. १९९९ मध्ये हे गाणं ‘आय अ‍ॅम...’मध्ये गेलं असतं, तर पफ डॅडीच्या शेजारी बसवावं लागलं असतं. त्या अल्बमात नाझ लाखांच्या गोष्टी करतो, आणि त्याच वर्षी, त्याच वहीत, हे लिहून ठेवतो. दोन्ही माणसं खरीच असतील. बाजारानं त्यातला एक निवडला, दुसरा चोरानं पळवला, आणि शेवटी चोराचाच जास्त दिवस टिकला.

आता बाप.

ओलू दारा. जन्म १९४१, मिसिसिपीतलं नॅचेझ गाव. कॉर्नेटवादक. सत्तरच्या दशकात न्यूयॉर्कच्या जॅझवाल्यांत त्याला मान होता. हेन्री थ्रेडगिल, डेव्हिड मरे यांच्यासारख्यांबरोबर वाजवलं. दुसऱ्यांच्या रेकॉर्डांत त्याचं कॉर्नेट ऐकू येतं, पण स्वतःच्या नावाची रेकॉर्ड त्यानं वर्षानुवर्षं काढली नाही. ‘इलमॅटिक’मधल्या एका गाण्याच्या शेवटी कॉर्नेट वाजतं, ते त्याचं. मुलाच्या पहिल्या अल्बमात बाप वाजवून गेला, तेव्हा बापाच्या नावावर स्वतःचा एकही अल्बम नव्हता.

आणि १९९८ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, ओलू दाराचा पहिला अल्बम आला. नाव ‘इन द वर्ल्ड: फ्रॉम नॅचेझ टू न्यूयॉर्क’. त्यातल्या एका गाण्यात नाझ आहे. आता तारखा शेजारी ठेवून बघा. साधारण त्याच दिवसांत मुलगा स्टुडिओत ‘पॉपा वॉज अ प्लेया’ रेकॉर्ड करत होता. बाप बायकांच्या मागे कसा असायचा, घरात काय व्हायचं, आईनं काय सोसलं, सगळं त्यात नाव न लपवता सांगितलंय. तक्रार आहे. पण दुसऱ्या पोरांना तर बापच माहीत नव्हता, हेही तो जाणतो, आणि माया सुटत नाही. बापाच्या दौऱ्यांवरून परत येण्याची वाट बघणारं पोर त्यात आहे. बीट बांधण्यात डी-डॉटबरोबर एका तरुणाचा हात होता, ज्याचं तेव्हा शिकागोबाहेर फारसं नाव नव्हतं. कान्ये वेस्ट.

म्हणजे एकाच सुमारास बापानं मुलाला आपल्या पहिल्या रेकॉर्डवर घेतलं, आणि मुलानं बापावर गाणं लिहिलं, जे रेकॉर्डवर आलं नाही. चोरीच्या सीडीतून बापानं ते ऐकलं असेल का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. पुढे २००४ मध्ये बापलेकांनी मिळून ‘ब्रिजिंग द गॅप’ हे गाणं केलं. त्यात बाप खुशीत गातो. त्या खुशीच्या मागे दोन वर्षं आधी आलेलं हे दुसरं गाणं आहे, हे ज्यांनी ‘द लॉस्ट टेप्स’ ऐकलंय त्यांनाच ठाऊक.

आई, फॅनी अ‍ॅन जोन्स, टपाल खात्यात नोकरीला होती. घर तिनं चालवलं. एप्रिल २००२ मध्ये ती कर्करोगानं गेली. सीडी आली सप्टेंबरात. म्हणजे ज्या गाण्यात तो तिच्या पोटातून बोलतो, ते अधिकृतपणे जगासमोर आलं तेव्हा ती नव्हती. रेकॉर्ड केलं तेव्हा होती. सीडीवर हे कुठेच लिहिलेलं नाही. त्या डिसेंबरात आलेल्या ‘गॉड्स सन’मध्ये तिच्यावर रडून गायलेलं गाणं आहे, आणि लोक त्याबद्दल बोलतात. मला मात्र हे यादीत नसलेलं बारावंच तिचं गाणं वाटतं.

रॅपमध्ये अशा गाण्यांच्या कोठाराची फार वाईट बाजूही आहे. टूपाक शकूर १३ सप्टेंबर १९९६ ला पंचविसाव्या वर्षी गेला आणि मागे डोंगराएवढी ध्वनिमुद्रणं ठेवून गेला. पुढच्याच वर्षी आई अफेनी शकूर यांनी ‘आर यू स्टिल डाउन?’ हा दोन सीडींचा संग्रह काढला, सगळा न आलेल्या गाण्यांचा. तो ऐकण्यासारखा आहे. पण मग मागणी वाढत गेली, आणि २००१, २००२, २००४ असे अल्बम येत राहिले. मेलेल्या माणसाच्या आवाजाखाली नवा ठेका, शेजारी त्यानं कधी न पाहिलेले पाहुणे. २००४ च्या ‘लॉयल टू द गेम’मध्ये एमिनेमनं त्याचा आवाज नव्या ठेक्याला जुळवण्यासाठी बराच ताणला-दाबला. गुरुदक्षिणा म्हणूनच केलं असणार, पण ऐकवत नाही. शेवट पटला नाही तर टेप मागे फिरवायचा हक्क ‘ब्लेझ अ फिफ्टी’त नाझनं वापरला. टूपाककडे तो राहिला नव्हता.

केंड्रिक लमारनं याच्या उलट केलं. मार्च २०१६ मध्ये त्यानं आठ गाणी अचानक सोडली, ‘अनटायटल्ड अनमास्टर्ड’ या नावानं. गाण्यांना नावंही नाहीत, नुसते क्रमांक आणि तारखा. कच्ची वहीच लोकांच्या हातात ठेवली. त्यामागे बास्केटबॉलपटू लेब्रॉन जेम्सनं कंपनीच्या मालकाला जाहीरपणे ‘ही गाणी बाहेर काढा’ म्हणून गळ घातली होती, हाही एक किस्सा. तरी एक फरक आहे. केंड्रिकला ठाऊक होतं की लोक कच्च्या वहीचीसुद्धा वाट बघतायत. कच्चेपणाही तोवर सादरीकरणाचा भाग झाला होता. नाझच्या गाण्यांना ते सुख नव्हतं. ती टाकलेली होती, आणि टाकल्यासारखीच वाजतात.

याचा पुरावा खुद्द नाझनंच दिला. ‘द लॉस्ट टेप्स २’ येणार येणार म्हणून वर्षानुवर्षं गाजलं. मध्ये त्यानं कंपनी बदलली, नव्या कंपनीशी या संग्रहावरूनच बिनसलं, आणि २०१० मध्ये वरिष्ठांना लिहिलेली त्याची संतापाची चिठ्ठी बाहेर फुटली. हरवलेल्या गाण्यांबद्दलची चिठ्ठीसुद्धा फुटावी, याला काय म्हणायचं! अखेर जुलै २०१९ मध्ये दुसरा भाग आला. सोळा गाणी. कान्ये, फॅरेल, रिझा, पीट रॉक, एकाहून एक नावं. आवाज स्वच्छ, कारागिरी उत्तम. मी तो तीनदा ऐकला आणि ठेवून दिला. पहिल्या भागात हरवलेलं सापडल्याची गोष्ट होती. दुसऱ्या वेळेपर्यंत ‘हरवलेलं’ हा एक शिक्का झाला होता.

त्याच २०१९ मध्ये नाझचं नाव मुंबईत घरोघरी पोचलं. झोया अख्तरच्या ‘गली बॉय’च्या कार्यकारी निर्मात्यांत तो होता. चित्रपटाच्या निमित्तानं डिव्हाइन, नेझी आणि रणवीर सिंगबरोबर त्यानं ‘एनवाय से मुंबई’ हे गाणं केलं. डिव्हाइन अंधेरीच्या जे. बी. नगरचा, नेझी कुर्ल्याचा. ऑगस्टात नाझच्या ‘मास अपील’ कंपनीनं भारतात शाखा काढली आणि पहिला करार डिव्हाइनशी केला. क्वीन्सब्रिज ते अंधेरी अशी थेट दोरी बांधली गेली. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या चमूनं त्याच वर्षी प्रकाश भोईरांबरोबर आरेच्या जंगलावर वारली-मराठीचा आवाज उठवला. त्यांच्यात एमसी मवाली मराठीतून रॅप करतो. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर, पुण्या-पिंपरीची पोरं, सगळ्यांच्या हातात माइक आला. मी तोवर छापखाना सोडला होता आणि माझ्या लेखांच्या मुद्रितांवर दुसरेच कुणी खुणा करत होते.

माझा एक भाचा चिंचवडला राहतो. दिवसा कंपनीत, रात्री रॅप. दोन-तीन गाणी त्यानं यूट्यूबवर टाकलीत. गेल्या गणपतीत त्याच्याकडे गेलो होतो. विषय नाझचा निघाला तसा तो खुलला. जेवणं झाल्यावर गॅलरीत बसलो, तेव्हा त्यानं फोन उघडून एक फोल्डर दाखवलं. एकशे बारा फाइली.

“एवढी?”

“न टाकलेली, मामा.”

“का नाही टाकत?”

“काही कच्ची आहेत. काहींची बीट दुसऱ्याची आहे, कॉपीराइट येतो. काही...” तो बोटानं फोल्डर वरखाली करत राहिला. बहुतेकांना नावंच नव्हती, फोननं आपणहून दिलेले तारखांचे आकडे. मधेच एका फाइलीला मात्र नाव होतं. ‘नाइट शिफ्ट’.

भाऊजींनी सत्तावीस वर्षं रात्रपाळी केली, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. दिवसा घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, टीव्हीचा आवाज बंद ठेवून पोरं क्रिकेट बघायची, हेही.

“हे लाव की.”

“नको. हे पप्पांवर आहे.”

“म्हणून तर म्हणतोय.”

त्यानं एक इअरफोन मला दिला, एक स्वतःच्या कानात घातला. बीट साधी होती, फोनवरच केलेली. पहिल्या चार बारांत कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज त्यानं ठेक्यात बसवला होता. पहाटे साडेसहाचा. मग दार, मग डबा ओट्यावर ठेवल्याचा आवाज. बोल अजून सुरूच व्हायचे होते, तोवर आतून भाऊजींनी हाक मारली, “अरे, आरतीची वेळ झाली, मामांना घेऊन ये.”

त्यानं फोन पालथा घातला आणि माझ्या कानातला इअरफोन हळूच काढून घेतला.